मशीन तिकडं, कॅसेट इकडं

निपाणी
६ जानेवारी २०२५

ती. राजश्रीआक्का,

जय जिनेंद्र. मी कुमार. कुठला कुमार म्हणून विचारशील, म्हणून आधीच सांगतो: तुझ्या काकाचा पोरगा, तुझ्या ताटातली शेंगापोळी पळवणारा. दिवाळीत तुला फोन केलतो. "कुमार बोलतोय" म्हटलं तर "राँग नंबर" म्हणून ठेवलीस. एवढं ओरडून कोण राँग नंबर सांगतंय गं? कान अजून दुखतोय माझा. म्हणून आता पत्र. पत्र फाडायच्या आधी माणूस दोन ओळी तरी वाचतोच.

काम बारकंच हाय. पोटमाळा साफ करताना आपलं टीव्ही गेमचं मशीन सापडलं. वर बोटभर धूळ, आत एक मेलेली पाल. निळ्या रिमोटची वायर उंदरानं कुरतडलेली. माझं आता पाइप-मोटारीचं दुकान हाय, त्यामुळं वायर जोडायला कुणाच्या पाया पडावं लागलं न्हाय. चालू केलं की तांबडा दिवा लागतोय. एवढ्या वर्षांनी! नीलमला, म्हणजे माझ्या बायकोला, हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "दिवाच बघायचा हुता तर देवळात गेला असता."

दिवा लागतोय पर पडद्यावर नुसत्या मुंग्या. कारण तुला म्हाईत हाय. वाटणीत मशीन आमच्याकडं आलं आणि कॅसेट तुमच्याकडं गेल्या. तर त्यातली गडाच्या गेमची तेवढी पाठव. पिवळी, वरचं चित्र निम्मं फाटलेलं, नाव चिनी. कुरियरनं पाठव, मी चालते का बघतो आणि परत पाठवतो. दुसरं काय काम न्हाय.

थोरल्या आप्पांची तब्येत बरी असंल.

तुझा
कुमार

———

अनगोळ, बेळगाव
१५ जानेवारी २०२५

चि. कुमार,

पत्र पोचलं. यापुढं घरच्या पत्त्यावर लिहू नकोस, शाळेचा पत्ता मागं लिहिला आहे. आप्पा माझ्याकडंच असतात आणि टपालवाल्याची चाहूल त्यांना माझ्या आधी लागते. तुझं पाकीट मी नशिबानं जिन्यात गाठलं. दिवाळीतही ते समोर शेंगा सोलत बसले होते, म्हणून राँग नंबर. काकांचं नाव या घरात अठ्ठावीस वर्षांत कुणी काढलेलं नाही. भांडण कशावरून झालं हे विचारलं तर आप्पांना आता धड सांगताही येत नाही, पण राग कसा ताजा, आत्ता काढल्यासारखा.

आता कॅसेट. ती आहे. शाळेतल्या माझ्या कपाटात, नकाशांच्या मागं. आणि ती मी देणार नाही.

अठ्ठावीस वर्षांत तुला बहीण आठवली नाही, कॅसेट आठवली. हल्ली असल्या जुन्या वस्तू हौशी लोक शोधत फिरतात हे मलाही माहीत आहे. कुणाला कबूल करून बसलायस का रे?

आणि "वाटणीत गेल्या" असं काय लिहितोस, जशा काही आपोआप चालत गेल्या! विसरला असशील तर सांगते. मे महिन्याची सुट्टी होती. सोप्यात मधे पंच भरमाकाका, एका बाजूला आप्पा, एका बाजूला काका. म्हशी झाल्या, भांडी झाली, घंगाळ झालं. शेवटी टीव्ही गेम उरला. भरमाकाका म्हणाले, "हे पोरांचं हाय, पोरांनीच सांगावं." मी तेरा वर्षांची, मोठी. शहाणपणानं म्हणाले, "सगळं कुमारला द्या." रडू आवरून म्हणाले, समजलं? आणि तू, नऊ वर्षांचा टिकोजीराव, उठून उभा राहिलास आणि म्हणालास, "न्हाय. मशीन आमच्याकडं, कॅसेट आक्काकडं." म्हणजे तुलाही नको आणि मलाही नको. दोघांनी बसा बोंबलत. असला खुनशीपणा मी नंतर वर्गातल्या एकाही पोरात बघितला नाही, आणि वीस वर्षं शिकवतेय.

भरमाकाकांना ते पटलंही लगेच. का, तर म्हणाले, "बराबर हाय, टेप थोरल्याकडं गेलाय, तवा कॅसेटा तिकडंच बऱ्या." पंच असे! दुसऱ्या दिवशी आप्पांनी ती पिवळी कॅसेट खरोखरच टेपमध्ये बसवायला बघितली. जोर लावला तसं टेपचं झाकण मोडलं. "बघ, मोडकी कॅसेट दिली आमाला," म्हणून भांडणाला आणखी एक कलम.

तेव्हा मुंग्या बघत बस.

राजश्री

———

निपाणी
२३ जानेवारी २०२५

ती. आक्का,

पाकीट उघडलं आणि वाटलं, पत्र न्हाय, छडीच आली. तुझ्या वर्गातली पोरं कशी जगतात म्हाईत न्हाय.

वाटणीतलं मी काय बोललो ते मला काय आठवत न्हाय बघ. नऊ वर्षांच्या पोराचं काय धरून बसतीस? त्या वयात मी दूधगंगेत मगर हाय म्हणून सांगत हुतो आणि सगळी गल्ली आंघोळीला जायची बंद झालती.

आणि विकायला काय मागत न्हाय गं. कोण घेणार त्ये? पाल मेलेलं मशीन!

पर तो गेम आठवतोय का तुला? गडाचा. तांबडा गडी तू, निळा मी. सात दारं. पहिल्या दारात दगड गडगडत यायचे, दुसऱ्यात वटवाघळं. तिसऱ्यात तो दोरीचा पूल, ज्यावर मी दरवेळी मरायचो आणि तू म्हणायचीस, "डोळे मिटून उडी मारतोस व्हय रं?" मारायचोच. भ्या वाटायचं. मग तू एक हात माझ्या रिमोटवर ठेवून दोघांचं चालवायचीस. आणि दिवस मावळायच्या आत जेवायला बसायचं म्हणून काकू आतनं वरडायची, आणि आपण म्हणायचो, "आलो, एवढं दार झालं की." सातव्या दारापतोर गेलतो आपण. तिथं दोघांनी एकदम उडी मारली तरच दार उघडतंय, हे सुद्धा तूच शोधून काढलीस. आणि त्याच दिवशी पंच आले.

त्या दाराच्या पलीकडं काय हुतं, एवढंच बघायचं हाय. म्हणून कॅसेट. न्हाय तर माझं काय अडत न्हाय.

तुझा
कुमार

(त्याच पाकिटात, वहीच्या पानावर)

राजश्रीआक्कांना नीलमचा नमस्कार. आपण कधी भेटलो न्हाई. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडं दिलं, म्हणून हे पान सरकवलं. ह्यांना सांगू नका.

ह्यांचं काय अडत न्हाई म्हणतात, ते साफ खोटं. गेल्या गणपतीत ह्यांनी एक नवं मशीन मागवलंय. दिसायला जुन्यासारखं, आत सहाशे गेम भरलेले, कॅसेट-बिसेट काही लागत न्हाई. त्यात तुमचा तो गडाचा गेम हाय. चारशे बाराव्या नंबरला. मग कॅसेट कशाला पाहिजे, हे तुम्हीच विचारा.

आणि खेळायची तऱ्हा ऐका. त्यात एकट्यानं खेळायची सोय हाय. हे मात्र दोघांचाच लावतात. निळा गडी हे चालवतात. तांबडा गडाच्या पायथ्याला तसाच उभा. आणि तो खेळ असा हाय की एकाला मागं ठेवलं तर पडदा पुढं सरकतच न्हाई. मग ह्यांचा निळा गडी दहा पावलं जातो, अडतो, मागं येतो, तांबड्याभोवती उड्या मारतो. दुकान बंद करून आलं की रोज अर्धा तास हेच. मी म्हटलं, द्या तो तांबडा, मी चालवते. तर म्हणाले, "त्यो आक्काचा हाय."

आता सांगा, असल्या माणसाचं काय करायचं?

———

अनगोळ
३ फेब्रुवारी २०२५

चि. कुमार,

नीलमनं तुझं पितळ उघडं पाडलं आहे. तिच्यावर चिडलास तर माझ्याशी गाठ आहे. मला अशी भावजय असल्याचं अठ्ठावीस वर्षांतलं पहिलं सुख झालं, ते घालवू नकोस.

तिचं पान मी स्टाफरूममध्ये वाचलं. डोळ्यांत पाणी आलं तर शेजारच्या बाई म्हणाल्या, कुणी गेलं का? मी म्हटलं, न्हाय, एकजण पायथ्यालाच उभी हाय. त्यांना काय कळणार!

तेव्हा आता आडपडदा पुरे. सांग. गेम तुझ्याकडं आहे, मग कॅसेट कशाला? आणि दुसरं. तुला आठवत नाही म्हणून सांगितलंस, त्यावर माझा विश्वास नाही. मगर आठवते, काकू ओरडायची ते आठवतं, आणि एवढंच बरं आठवत नाही? मी सगळं तुला देत होते, कुमार. तू निम्मं करून का टाकलंस? त्या दिवसापासून मला वाटत आलंय की माझ्या हातचं काही तुला नको होतं. काका-आप्पांचं भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. माझं भांडण तुझ्याशी होतं आणि ते ह्या एवढ्याशा गोष्टीवरून होतं. तुझ्या लग्नाला आले नाही तेही ह्याच्यामुळं. हसायचं तर हास.

खरं काय ते लिही. खरं लिहिता येत नसेल तर पत्रच लिहू नकोस.

राजश्री

———

निपाणी
११ फेब्रुवारी २०२५

आक्का,

चार वेळा लिहून फाडलं. दुकानात गिऱ्हाईक आलं तर पाइपाच्या खाली कागद लपवत हुतो.

मला सगळं आठवतंय. काल झाल्यासारखं आठवतंय.

तुला काय वाटतंय, मला त्या वाटणीतलं काय कळत हुतं? म्हशी मोजल्या, भांडी मोजली, त्यातलं कायबी न्हाय. एवढंच कळलं की सोप्याच्या मधनं भिंत येणार. तू भिंतीच्या पलीकडं, मी अलीकडं. मग भरमाकाकांनी टीव्ही गेमचं विचारलं आणि तू म्हणालीस, सगळं कुमारला द्या. म्हटलं, सगळं आमच्याकडं आलं तर आक्का कशाला येईल आमच्यात? आणि सगळं तिकडं गेलं तर मला तिकडं कोण सोडणार? मग डोकं चालवलं. निम्मं निम्मं केलं तर कुणालाच एकट्याला खेळता येणार न्हाय. खेळायचं म्हटलं की तुला कॅसेट घेऊन यावंच लागणार, न्हाय तर मला मशीन घेऊन जावं लागणार. थोरल्यांनी बोलायचं बंद केलं तरी आपलं चालणार. लई शाणा हाय मी, असं वाटलं बघ त्या दिवशी.

दोन दिवस मशीन टीव्हीला जोडून बसलो. तुझा रिमोट उजवीकडं काढून ठेवलतो. आई म्हणाली जेव, मी म्हटलं आक्का आली की. तिसऱ्या दिवशी बघतो तर दारात टेंपो, त्यात तुमची कपाटं. तुम्ही बेळगावला चाललाय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. भिंत बांधतील एवढंच म्हाईत हुतं. भिंतीचा हिशेब केलतो, बेळगावचा न्हाय केला.

टेंपोच्या मागं मी पळालो. तू पुढं बसलेलीस, दिसलं नसंल.

नंतर मोठा झालो, फोन करता आला असता, बेळगावला तर महिन्यातनं दोनदा माल आणायला येतोय. अनगोळच्या नाक्यावर गाडी लावून चहा पिऊन परत आलोय, एकदा न्हाय, पाच-सहा वेळा. वर यायचं धाडस झालं न्हाय. काय म्हणून येऊ? कॅसेट मागायला आलो म्हटलं तर निदान कारण तरी हुतं. मला कॅसेट नको, आक्का. तू पाहिजेस. ये. भांडायला तरी ये.

कुमार

———

अनगोळ
२४ फेब्रुवारी २०२५

कुमार,

९ मार्चच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येते. आप्पांना चिकोडीला शिक्षकांचं शिबिर आहे म्हणून सांगितलंय. तो राँग नंबर सोडला तर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, तेही पोरांना मूल्यशिक्षण शिकवणारी मी.

तुझ्या पत्राला उत्तर लिहिता येईना, म्हणून हे एवढंच. स्टँडवर येऊ नकोस, सगळे बघतात. घर मला सापडतं.

राजश्री

———

निपाणी
२८ फेब्रुवारी २०२५

ती. आक्का,

स्टँडवर येणार न्हाय, कबूल. स्टँडच्या समोरच्या रसवंतीत बसलेला असेन, तो योगायोग समज.

एक घोटाळा झालाय. ज्या जुन्या टीव्हीवर मुंग्या बघितल्या त्यो जळाला, आणि मशीनची पिन आमच्या नव्या टीव्हीला बसतच न्हाय. त्या टीव्हीला मागं भोकंच येगळी. गावभर फिरलो. शेवटी गल्लीतल्या सलूनवाल्याकडं जुना डबा टीव्ही मिळाला, रविवारपुरता. त्याचं म्हणणं, रविवारीच गिऱ्हाईक जास्त असतंय. मग त्याला आणि त्याच्या दोन गिऱ्हाईकांना जेवायला बोलवावं लागलं. नीलम म्हणते, हे असंच चाललं तर पंगत बसंल.

आणि बाबांना, म्हणजे तुझ्या काकांना, सांगितलं. न सांगून कसं चालंल? त्यांच्याच घरात येणार तू. ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून बाजारात गेले आणि शेंगा, गूळ आणि तूप घेऊन आले. नीलमला म्हणाले, "तिला शेंगापोळी लागतीय." एवढंच. मी लई काय विचारलं न्हाय.

तुझा
कुमार

———

अनगोळ
१२ मार्च २०२५

चि. कुमार आणि नीलम,

सुखरूप पोचले. हाताचे दोन्ही अंगठे सुजलेत. फळ्यावर खडू धरता येईना, पोरांना म्हटलं, आज वाचन.

कुमार, तू अजून डोळे मिटून उडी मारतोस. सदतीस वर्षांचा बाप्या, दुकानाचा मालक, आणि दोरीच्या पुलावर अकरा वेळा मेलास. अकरा! सलूनवाला मोजत होता. मीही काही दिवे लावले नाहीत. वटवाघळं आली की माझ्या तोंडून जी ओरड निघाली त्यानं त्याचं एक गिऱ्हाईक ताट सोडून उठलं. कॅसेटमध्ये फुंकर मारायचं मात्र दोघंही विसरलो नव्हतो. तू मारलीस, मी मारली, मग काका आतून आले, कॅसेट घेतली, त्यांनीही एक मारली, आणि ती लागली. माझ्याशी ते दिवसभरात चारच शब्द बोलले असतील. पण पंखा माझ्याकडं वळवला, आणि पोळीवर तूप वाढत राहिले, मी नको म्हणेपर्यंत, आणि म्हटल्यावरही. निघताना मी पाया पडायला वाकले तर डोक्यावरचा हात लवकर काढला नाही त्यांनी.

आता आप्पांचं ऐका. मी घरी आले, चप्पल काढत होते, तर आप्पा खुर्चीतनंच म्हणाले, "शिबिरात तुझ्या काकानं जेवायला काय घातलं?" माझ्या हातातली पिशवी पडली. शाळेचं टपाल वाटणारा आमचा शिपाई भावकू दर रविवारी त्यांच्याबरोबर बुद्धिबळ खेळायला येतो, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. तुझं पहिलं पत्र शाळेत आल्यापासून त्यांना सगळं माहीत होतं. दीड महिना गप्प बसून माझी गंमत बघत होते. मी म्हटलं, शेंगापोळी. तर म्हणाले, "त्याला तूप चालत न्हाय आता, वाढतो मात्र दुसऱ्याला." मग म्हणाले, "पुढच्या बारीला खोटं सांगून जाऊ नको. सांगून जा." आणि उठून आत गेले. मी तिथंच भिंतीला टेकून रडले, आणि मग हसले. त्यांना तिकडं घेऊन येईन असं आत्ता म्हणत नाही. पण "पुढच्या बारीला" हे त्यांचेच शब्द आहेत, माझे नाहीत.

शेवटचं, आणि नीट वाच. स्टँडवर तू मशीन पिशवीत घालून माझ्या मांडीवर ठेवलंस. म्हणालास, सगळं तुझ्याकडं ठेव, आता वाटणी नको. मी परत दिलं, तुझं तोंड उतरलं ते खिडकीतनं दिसलं मला. आणि नीलम गाडीच्या दारात म्हणाली, मग कॅसेट तरी इथं ठेवा. तीही मी ठेवली नाही. तुम्हाला दोघांना वाईट वाटलं असेल. गाडी सुटायची घाई, तिथं सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

सगळं एका घरात ठेवायचं नाही, कुमार. नऊ वर्षांच्या पोरानं केलेली वाटणी अगदी बरोबर होती. तुझा हिशेब चुकला नव्हता रे. तू मशीन जोडून बसला होतास, कॅसेट घेऊन यायचं काम माझं होतं आणि मी आले नाही, एवढंच चुकलं. तेव्हा मशीन तुमच्याकडं, कॅसेट माझ्याकडं, ते तसंच राहू दे. सहाशे गेमवालं ते नवं डबडं पोटमाळ्यावर टाक. दर महिन्याचा दुसरा रविवार माझा, आणि सातव्या दाराची मला काडीची घाई नाही.

१३ एप्रिलला येते. आप्पांना सांगून येते. कॅसेट माझ्या पर्समध्ये असेल.

तुझी
आक्का